आयत्या वेळचे विषय

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात एक जाड, आखीव पानांची वही असते. खाकी कव्हर, त्यावर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर लाल शाईत लिहिलेलं : शाळा व्यवस्थापन समिती, इतिवृत्त. शाळा बघायला आलेल्या पाहुण्याला बोलक्या भिंती दाखवतात, परसबाग दाखवतात, टीव्ही लावून एखादी कविता ऐकवतात. ही वही कुणी दाखवत नाही आणि पाहुणाही मागत नाही. मागावी. गावाचं आणि शाळेचं नेमकं कसं चाललंय, हे त्या रंगवलेल्या भिंतींपेक्षा या वहीत चांगलं कळतं.

वहीतली भाषा ठरलेली. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक २, पोषण आहाराचा आढावा. मग अनुदानाच्या खर्चाला मंजुरी, गणवेश, प्रजासत्ताक दिन, संरक्षक भिंतीसाठी ग्रामपंचायतीला पत्र. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक, आणि त्याखाली 'सर्वानुमते मंजूर'. शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. मग सह्या. काही झोकदार, काही पाटीवर गिरवल्यासारख्या, एखाद-दुसरा निळा अंगठा. दोन-तीन वर्षांची पानं उलटली, की एक गोष्ट ध्यानात येते. तिसरीतल्या किती पोरांना वाचता येतं, हा विषय पत्रिकेवर येतच नाही. आलाच तर त्या शेवटच्या ओळीत येतो, चहाचे कप फिरायला लागल्यावर.

खरं तर कायद्याने हाच विषय पहिला ठेवला होता. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांमुळे तो शहरांत गाजला. त्याच्या २१ व्या कलमाची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. हे कलम सांगतं, की शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतील, निम्म्या महिला असतील आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असेल. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, आलेला पैसा कुठे गेला ते पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं, ही समितीची कामं. २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना सांगणं, हे त्यांतलंच एक. म्हणजे शेतमजुरी करणारी बाई शाळेत येऊन माझी पोर वाचते का, असं विचारते, तेव्हा ती मेहेरबानी मागत नसते. ते सांगणं हे गुरुजींचं कायद्याने ठरलेलं काम असतं.

प्रत्यक्षात विषयपत्रिका सचिव काढतात, इतिवृत्त सचिव लिहितात, आणि पालकांच्या तोंडी एकच वाक्य असतं : सर, तुम्ही ठरवा, आम्ही सही करतो. यात गुरुजींनाच खलनायक ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. दोनशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक स्वतः दोन-तीन इयत्ता सांभाळतो. तांदळाचा हिशेब, आधारची जुळणी, मतदार यादीचं काम आणि रोज नवी लिंक हे सगळं त्याच्याच डोक्यावर असतं. सभेला कोरम भरला तरी त्याला हायसं वाटतं. शिवाय गावातही गुरुजींना जाब विचारणं हा उद्धटपणा समजला जातो. गुरुजींचा मान ठेवायची सवय जुनी आहे, आणि ती सगळीच वाईट आहे असंही मला वाटत नाही. पण त्या मानाच्या आडोशाला न विचारलेल्या प्रश्नांचा ढीग साचलाय.

आपल्याकडे शाळा आणि पालक यांचं नातं सुरू झालं तेच सक्तीने. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. ते पुढे फेटाळलं गेलं. ब्रिटिश हद्दीत जे झालं नाही ते १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात केलं. शिक्षण मोफत आणि सक्तीचं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी एक रुपया ही मजुराच्या पोटाला चिमटा काढणारी रक्कम होती. शतकानुशतकं ज्यांच्यासाठी शाळेचं दार बंद होतं त्यांच्या मुलांना आत आणायचं, तर नुसतं आवाहन पुरणार नाही, हे महाराज ओळखून होते. त्या दंडामागे माया होती. तरी पालकाची भूमिका त्यात एवढीच, की मूल आणून सोडा.

दुसरी वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काढली. १९४५ च्या सुमाराला त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यांवरची मुलं गुरं राखायला जात. शाळेत कुठून येणार? तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नसल्यामुळे मोठी बहीण घरी अडकते, हे पाहून पाळणाघर जोडलं. पालक सहकार्य करत नाहीत असा शेरा मारण्याआधी घरातली अडचण काय आहे ते बघायचं, ही रीत तिथे होती. आजच्या कितीतरी अहवालांत 'पालकांची उदासीनता' हे दोन शब्द तयार शिक्क्यासारखे उमटतात, तेव्हा कोसबाडची आठवण होते.

मधल्या काळात दंड गेला आणि वर्गणी आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. बाकं गेली, फरशीवर संख्यारेषा आणि शब्दचक्रं आली, मुलं गटात बसून चिंचोके-काड्या हाताळत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून तिथे जाऊ लागल्या. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, तेव्हा कुमठ्याचं उदाहरण समोर होतं. त्या लाटेत खूप चांगलं घडलं. पण ज्यांनी कुमठे एका दिवसात पाहिलं, त्यांतल्या अनेकांनी सोबत काय नेलं, तर फरशीवरचा रंग. शिक्षक मुलाशी बोलतो कसा आणि मूल चुकलं की काय करतो, हे फोटोत येत नाही. गावोगाव वर्गणी निघाली, फरश्या रंगल्या, एलईडी टीव्ही आले, 'डिजिटल शाळा' अशा कमानी उभ्या राहिल्या. कितीतरी शाळांनी आयएसओ मानांकनही मिळवलं. दप्तर नीटनेटकं आहे, परिसर स्वच्छ आहे, याची ती पावती. दुसरीतलं पोर जोडाक्षर वाचतं का, हे त्या प्रमाणपत्रात शोधू नये.

लोकवर्गणीला नाक मुरडावं असं मात्र नाही. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा ग्रामस्थांनी जागा दिली, हात लावला म्हणून उभी राहिली. तिथे नाव झालेले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. पट जेमतेम उरलेली ती शाळा गावाच्या साथीने भरली, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत 'कम्युनिटी चॉइस' पुरस्काराची मानकरी ठरली. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात, विषय मित्र नेमतात. या गावांनी पैसा दिला तो दिसतो. गुरुजी रोज काय शिकवतात ते गावाला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणून पैसा निघाला, हे मागे राहतं. बाकीच्यांनी हा क्रम उलटा लावला.

आणि शासनानेही. लोकसहभाग म्हटलं की सरकारी कागदावर आता खर्चाची उरलेली बाजू येते. २०२३ च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. पोरं त्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा जादा निधी थांबला. अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्त्व द्यायचं असेल तर अंडी आणि साखर लोकसहभागातून मिळवावीत, असं शाळांना सांगण्यात आलं. ज्या पालकांची मुलं या शाळेत आहेत त्यांतले बहुतेक स्वतः रेशनच्या रांगेत असतात. त्यांच्याकडून साखर गोळा करायची! समितीला कायद्याने लक्ष ठेवायला बसवलं होतं, तिच्या हातात डबा देऊन दारोदार पाठवलं.

गणवेशाची कथा तर अगदी ताजी. आधी दोन जोड्यांचे सहाशे रुपये समितीकडे यायचे. समिती तालुक्याच्या दुकानातून कापड घ्यायची, गावातला शिंपी पोराला उभं करून माप घ्यायचा. त्यात भानगडी होत नव्हत्या असं नाही. पण गणवेश आखूड झाला तर आई शिंप्याच्या दारात उभी राहू शकायची. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आलं, कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत. पोहोचले तिथे कुणाची बाही कोपराखाली तर कुणाची पँट गुडघ्यावर. शेवटी निर्णय फिरवावा लागला आणि २०२५-२६ पासून अधिकार परत समितीकडे आले. एवढ्या साध्या कामात पोराचं माप ठाऊक असलेला माणूस लागतो, हे राज्याला एक वर्ष घालवून कळलं.

आता प्रगतीकडे येऊ. वर्षअखेरीला पालकाच्या हातात प्रगती पत्रक पडतं. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यामुळे गुणांच्या जागी श्रेणी. ९१ पासून वर अ-१, मग अ-२, ब-१, ब-२ असं उतरत इ-२ पर्यंत. शेजारी वर्णनात्मक नोंदी. कल्पना सुंदर होती : शिक्षकाने वर्षभर मुलाला न्याहाळावं आणि त्याच्याबद्दल दोन खरी वाक्यं लिहावीत. झालं असं, की नोंदींची तयार पुस्तकंच बाजारात आली, मग त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'परिसर स्वच्छ ठेवतो.' 'प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत सांगतो.' पन्नास पोरांच्या पत्रकांत हीच वाक्यं जागा बदलून बसतात. मराठी : ब-२. यावरून आईने काय समजावं? पोर उतारा वाचतं की शब्दाशी अडखळतं? कागद गप्प.

त्या मानाने 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणाऱ्या 'असर' पाहणीची चाचणी पाहा. एक कागद. त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. घरी जाऊन, मुलाला ओट्यावर बसवून, एकेकाला वाचायला सांगायचं. मूल जिथवर वाचतं ती त्याची पातळी. देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४. घसरण भरून निघाली, वर थोडं पुढेही गेलो, याचं कौतुक आहेच. तरी चारातल्या तीन मुलांना ती गोष्ट वाचता येत नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं उद्दिष्ट असं, की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणारं प्रत्येक मूल समजून वाचेल, साधी आकडेमोड करेल. ही मुदत आता दारात आहे.

निपुणच्या निमित्ताने गावागावांत चावडी वाचन झालं. मंदिराच्या सभामंडपात सतरंजी, समोर सरपंच, पालक, केंद्रप्रमुख, आणि माइकसमोर पुस्तक धरलेलं पोर. ऐकायला झकास. पण नीट पाहिलं तर पुढे येणारी पोरं बहुधा तीच, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी. ती धडा घडाघडा म्हणतात, आणि पान उलटायच्या आधीच पुढची ओळ म्हणतात. मागे बसलेली पोरं आपलं नाव येऊ नये म्हणून बुटाची लेस सोडून बांधत बसतात. एखाद्या हौशी गावकऱ्याने अशातल्याला उठवून हातात वर्तमानपत्र दिलं, तर सगळ्या गावासमोर त्याची शोभा होते. आठ वर्षांच्या मुलाला चारचौघांत अडखळायला लावून वाचन सुधारत नाही. गावाला कळायला हवं ते आकड्यात कळवा. पोराला चावडीवर उभं करू नका.

याच काळात एक दुसरी गोष्ट फारसा गाजावाजा न होता सुरू झाली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. सात टेबलं मांडलेली. एकावर मूल रंग-आकार ओळखतं, एकावर चित्र पाहून गोष्ट सांगतं, एकावर वस्तू मोजतं, आणि आई बरोबर फिरत ते स्वतः पाहते. मेळाव्यानंतर गल्लीतल्या चार-सहा आयांचा गट होतो, त्यांतली एक लीडर माता. आठवड्याला मोबाइलवर एक आयडिया कार्ड येतं. डाळ-तांदूळ वेगळे करायला सांगा. कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठं विचारा. भाकरी थापताना गोल कुठे कुठे दिसतो ते शोधायला लावा. शाळेची पायरी चढायला बिचकणाऱ्या बाईला शेजारणीच्या ओसरीवर बसायला काही वाटत नाही.

अशाच एका ओसरीवर पाहिलेली गोष्ट सांगतो. दुसरीतली मुलगी पाठ्यपुस्तकातला धडा फडाफड वाचत होती. आईला अक्षरओळख नाही. तिने थोडा वेळ ऐकलं, मग हात पुढे करून चित्र झाकलं आणि पानाच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इथून वाच. मुलगी थांबली. वरून म्हणत आली तरच तिला ती ओळ सापडत होती. आई शेजारणीला एवढंच म्हणाली, पाठ केलंय गं हिने. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसानेही याहून वेगळं काय केलं असतं? निरक्षर पालक मुलाच्या अभ्यासात काय लक्ष देणार, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी त्या ओसरीवर नेऊन बसवीन.

ही बाई समितीत नव्हती. समितीत कोण असतं, हा वेगळाच मामला आहे. कागदावर निम्म्या महिला असतातच. सभेला त्यांचे नवरे येतात, 'ती रानात गेलीय' म्हणून सांगतात आणि वही घरी पाठवून सही आणतात. अध्यक्षपदासाठी काही गावांत पॅनल पडतं. बांधकाम निघणार असेल तर चुरस वाढते, नसेल तर एखाद्या गरीब पालकाला धरून आणून खुर्चीत बसवतात. वस्तीवरच्या, पारध्यांच्या, धनगरवाड्यातल्या पालकांचं प्रमाणानुसार प्रतिनिधित्व नोंदीपुरतं उरतं. भरीला समित्यांचीही गर्दी झाली होती : माता-पालक, परिवहन, पोषण आहार, सखी सावित्री, तक्रार निवारण. तेच दहा लोक वेगवेगळ्या नावाच्या वह्यांत सह्या करत. २०२५ मध्ये शासनाने त्यांतल्या बऱ्याच समित्या एकत्र केल्या, ते बरं झालं.

बीडकडे प्रश्न आणखी निराळा. दिवाळी झाली की ऊसतोडीचा कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, गाडी कारखान्याच्या वाटेला लागली की पाच-सहा महिने गाव अर्धं रिकामं. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच. पोर झोपतं आजीकडे, जेवतं शाळेत. बरोबर गेलेल्या पोराला शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे फडाजवळच्या शाळेने त्याला सामावून घ्यावं. डिसेंबरातल्या सभेला मग आज्या येतात. कायद्यात आईवडील किंवा पालक असं दोन्ही लिहिलंय, तेव्हा आजीची सही चालते. आजी बाकी काही विचारत नाही, रात्रीच्या जेवणाचं मात्र खडसावून विचारते. तेवढ्या एका विषयात त्या समित्या खरोखर लक्ष ठेवतात.

आणि शाळाच उरली नाही तर? डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आला. तेव्हा अशा शाळांची संख्या १४,७८३ सांगितली गेली. पट कमी होण्यामागे जन्मदर आहे, स्थलांतर आहे, आणि दाराशी येणारी इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅनही आहे. पहिलीपासून व्हॅनमध्ये बसणाऱ्या पोराच्या बापाला दोष देऊन उपयोग नाही. त्याने गावातल्या शाळेला कधी प्रश्न विचारला नाही आणि शाळेनेही त्याला कधी उत्तर दिलं नाही. डोंगरातल्या पाड्यावर मात्र व्हॅन नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळा बंद झाल्यावर पालकांबरोबर नाशिकच्या जिल्हा परिषदेवर चालत निघाली. मागणी अशी, की आमची दप्तरं परत घ्या आणि राखायला शेळ्या-बकऱ्या द्या. पालकांच्या भागीदारीवरची इतकी नेमकी टिप्पणी कुठल्या प्रशिक्षणात ऐकायला मिळणार नाही. त्यांना शाळेतली साखर-अंडी नको होती, टीव्ही नको होता. शिक्षक आणि शाळा पाड्यावर हवी होती.

या सगळ्यात आराखड्याला जागा कुठे? शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो तयार नमुन्यात भरतात : संरक्षक भिंत, शौचालय दुरुस्ती, संगणक, क्रीडांगण सपाटीकरण. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान दहा हजार, शंभरपर्यंतच्या शाळेला पंचवीस. त्यात वीजबिल, खडू, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती. भिंत त्यातून होत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. पण दिवाळीपर्यंत तिसरीतली सगळी मुलं उतारा वाचतील, न वाचणाऱ्या सहा जणांसाठी रोज दुपारी अर्धा तास वेगळा, आणि दर महिन्याला समिती त्यांचं वाचन ऐकेल, हे उद्दिष्ट लिहायला एक पैसा लागत नाही. लागतो तो वेळ.

आणि वेळेवरच घोडं अडतं. शिक्षक तालुक्याला राहतात. मुख्यालयी राहण्याचा नियम आणि त्यावरचा वाद दोन्ही जुने आहेत. त्यांची गाडी साडेपाचला. पालक रानातून येतात सातला. दुपारी सभा ठेवली तर बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती बुडवून कुणी वीजबिलाचा ठराव ऐकायला येणार नाही. मराठवाड्यातल्या एका वस्तीशाळेने यावर तोडगा काढलाय. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, तेव्हा महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी सकाळी साडेनऊला सभा. पहिला विषय वाचनाचा, पोषण आहार आणि वीजबिल नंतर. बाया येतात, पिशव्या मांडीवर ठेवून बसतात, आणि अकरा वाजले की उठतात. वहीतल्या उरलेल्या विषयांचं काय ते पुढच्या बाजारी. सचिवांची एकच तक्रार आहे, की मागील इतिवृत्त वाचून कायम करायचं हल्ली राहूनच जातं.